उसाला पाणी, माळाला कुंपण

घाटघर आणि संगमनेर यांच्यात सरळ रेषेत साठेक किलोमीटरचे अंतर आहे. सह्याद्रीच्या कड्यावरच्या घाटघरला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. संगमनेरच्या दक्षिणेला साकूर-घारगावच्या पठारावर किंवा उत्तरेला तळेगाव-निमोणच्या पट्ट्यात पाचशे मिलिमीटर झाला तर साल बरे गेले म्हणतात. ढग घाटावरच रिकामे होतात आणि पुढे वर्षाछायेचा, निम्म्या वाळवंटाचा मुलूख सुरू होतो. या दोन टोकांना जोडते ती प्रवरा. १९२६ साली भंडारदऱ्याचे विल्सन धरण पुरे झाले आणि घाटावरचा पाऊस कालव्याने खाली कोरड्या रानात वाहू लागला. पाण्यामागे ऊस आला, उसामागे १९५०च्या सुमारास लोणीला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना, मग श्रीरामपूरपासून संगमनेरपर्यंत कारखान्यांची रांग, दूध संघ, शिक्षणसंस्था. महाराष्ट्राच्या ग्रामीण विकासाचा जो नमुना देशाला दाखवला जातो, तो याच खोऱ्यात घडला.

या नमुन्याचा जमाखर्च मांडताना एक खाते नेहमी सुटते: पाणी येण्याआधी या जमिनीवर काय होते, आणि पाणी आल्यावर त्याचे काय झाले. निसर्गरक्षणाचा विषय निघाला की बोट घाटाकडे जाते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घाटात, २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेला तो पश्चिम घाट, २०११चा गाडगीळ अहवाल आणि २०१३चा कस्तुरीरंगन अहवाल घाटाबद्दलचे, पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या पुनःपुन्हा निघालेल्या मसुदा अधिसूचनांत नावे अकोले तालुक्यातल्या गावांची. त्या अहवालांवर भांडण भरपूर झाले, पण भांडण झाले म्हणजे निदान विषय होता. घाटाची रेघ संपली की पूर्वेकडचा माळ मात्र कुठल्याच अहवालात नाही. तिथे विकास आणि निसर्ग यांच्यात समतोल कसा साधायचा, हा प्रश्न फसतो तो यामुळेच. तराजूच्या एका पारड्यात धरणे, कालवे, रस्ते, सौरप्रकल्प आहेत. दुसऱ्या पारड्यात ठेवायला कागदावर काहीच नाही.

प्रत्यक्ष रानात आहे ते थोडे नाही. पावसाळ्यात पवन्या, मारवेल, कुसळीची गवते वर येतात, दिवाळीपर्यंत पिवळी पडतात, आणि एप्रिलमध्ये बाहेरच्या माणसाला तिथे नुसती मुरमाड जमीन दिसते. त्याच जमिनीवर लांडगा, खोकड, तरस, चिंकारा राहतात. चंडोल आणि धाविक जमिनीवरच अंडी घालतात. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, ते गवतातल्या नाकतोड्यांवर जगतात. भारतीय लांडगा देशभरात तीन हजारांच्या आसपास उरला असावा असा अंदाज आहे, म्हणजे वाघापेक्षा कमी. वाघाला राखीव जंगल मिळाले. लांडग्याच्या वाट्याला गायरान आणि धनगराचा वाडा आला. धनगरांच्या मेंढ्या आणि माळाचे गवत यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे, आणि ज्या शेळीला या गावाचे नाव मिळाले ती संगमनेरी शेळीही याच रानावर पोसली. दूध आणि मांस दोन्हींसाठी नावाजलेली ही देशी जात. तिच्या सुधारणेचे काम राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षे करत आले आहे. जीवविविधता म्हटले की आपल्याला फक्त रानटी प्राणी आठवतात. शेळीची जात, बाजरीचे वाण, अकोल्याच्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी जपलेले गावरान बियाणे हेही तिच्यातच मोडते, आणि गवताचे रान गेले की शेळीच्या पायाखालची जमीनही जाते.

महसुली दप्तरात या रानाची नोंद गायरान, पोटखराब किंवा पडीक अशी. केंद्र सरकारच्या पडजमिनींच्या नकाशासंग्रहातही अशी कितीतरी गवताळ आणि खुरटी राने झुडपी पडजमीन म्हणून रंगवलेली आहेत. एकदा तशी नोंद झाली की पुढचे प्रत्येक खाते ती जमीन मोकळी समजून येते. वनखाते झाडे लावायला, जलसंधारण चर खणायला, औद्योगिक महामंडळ भूखंड पाडायला, ऊर्जाखाते पॅनेल बसवायला. देशातल्या मोकळ्या नैसर्गिक परिसंस्था अलीकडे उपग्रहचित्रांवरून मोजल्या गेल्या. त्या देशाच्या सुमारे १० टक्के जमिनीवर आहेत, आणि त्यांतला ५ टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रात येतो.

संरक्षणाचा प्रयत्न झालाच नाही असे मात्र म्हणता येत नाही. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याने तर असा प्रयोग पाहिला की त्याची जखम अजून भरलेली नाही. १९७०च्या दशकात सोलापूरजवळच्या नान्नजला, दुष्काळप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून राखलेल्या गवताच्या कुरणांत माळढोक पक्षी दिसू लागले. १९७९ साली सरकारने सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर केले. कर्जत, श्रीगोंदा, नेवासे हे नगरचे तालुके त्यात आले. शेते, गावठाणे, बाजारपेठांसकट. एवढे मोठे अभयारण्य नकाशावरच होते. प्रत्यक्षात राखली जात होती ती नान्नजसारखी थोडी कुरणे. बाकीच्या क्षेत्रात शेतकऱ्याला त्याचा अनुभव आला तो बिगरशेती परवान्याच्या कटकटीतून आणि अडलेल्या व्यवहारांतून. लोकांच्या मनात माळढोक म्हणजे सातबाऱ्यावर बसलेला पक्षी झाला. अखेर २०१२च्या सुमारास अभयारण्य आक्रसून सुमारे १,२२० चौरस किलोमीटरवर आले. तोवर पक्षी जवळपास संपला होता. आज महाराष्ट्रात माळढोक दिसला तर ती बातमी होते.

याच्या नेमके उलटे उदाहरण कच्छमध्ये आहे. तिथे वाळवंट थेट समुद्राला भिडते. अबडासा तालुक्यातल्या लाला गावाजवळ १९९२ साली कच्छ माळढोक अभयारण्य झाले ते जेमतेम २ चौरस किलोमीटरचे. पक्षी मात्र नलियाच्या आसपासच्या कितीतरी मोठ्या गवताळ पट्ट्यात फिरायचे, आणि त्या पट्ट्यात शेती वाढली, पवनचक्क्या आल्या, विजेच्या तारा आल्या. जड अंगाच्या माळढोकाला समोरची तार वेळेवर दिसत नाही. तारा जमिनीखालून न्याव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला आणि अव्यवहार्य म्हणून मार्च २०२४ मध्ये तो सौम्य करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. आपल्याकडे अभयारण्य एवढे मोठे की ते राखताच आले नाही, कच्छमध्ये एवढे लहान की पक्ष्याला पुरले नाही. कर्जतजवळचे रेहेकुरी काळवीट अभयारण्य १९८०चे, तेही २.१७ चौरस किलोमीटरचे. काळविटे तिथे टिकली, वाढली आणि कुंपण न मानता भोवतालच्या शेतात चरू लागली. तिन्ही ठिकाणी चूक एकाच जातीची आहे: अभयारण्याची हद्द आखली, हद्दीबाहेरच्या जमिनीचे नियोजन कुणाच्याच कामात धरले नाही.

माळावर चांगल्या हेतूने झालेल्या कामांकडेही जरा नीट पाहायला हवे. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे पाणलोट विकासातले गाजलेले गाव. फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमात १९९०च्या दशकात इथे काम झाले. चर, बांध, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. टँकरच्या गावात विहिरींना पाणी आले, स्थलांतर घटले. हे यश खरे आहे आणि ते नाकारणाऱ्याने एक उन्हाळा टँकरची वाट पाहावी. पण अशा कार्यक्रमांत चराईबंदीचा भार कुणावर पडतो, हा प्रश्न उरतोच. ज्याच्याकडे विहीर आणि खालच्या अंगाची जमीन, त्याला पाणी मिळते. ज्याच्याकडे फक्त मेंढरे, त्याला निदान काही वर्षे बाहेर फिरावे लागते. जिथे गावाने आधी मेंढपाळांशी बोलून आळीपाळीने रान उघडले, तिथे गवतही वाढले आणि माणसेही टिकली. वृक्षलागवडीबद्दल मात्र माझे मत इतके सौम्य नाही. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्याने ४, १३ आणि ३३ कोटी अशी मिळून ५० कोटी झाडांची मोहीम काढली. एवढे खड्डे घ्यायला जागा लागते, आणि जागा म्हणजे पुन्हा माळ. गवताच्या रानात गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावून आपण हिरवाई वाढवली असे मानणे म्हणजे तिथले राहते घर पाडून बाग करण्यासारखे आहे. चंडोलाला झाडाचा उपयोग नाही, लांडग्याला आडोशापेक्षा दूरवरची नजर हवी असते. ज्या वर्षांत महामार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी सावलीची झाडे कापली जातात, त्याच वर्षांत जिथे झाड नको तिथे खड्डे खणले जातात, हा आपल्या नियोजनाचा विनोद आहे.

आता खोऱ्याच्या खालच्या अंगाला यावे, जिथे पाणी पोचले आहे. माळावरचे प्राणी मागे सरत असताना इथे एक प्राणी वाढला. उसाला बारा ते अठरा महिने उभे राहायचे असते. तेवढा काळ माणूस आत फारसा जात नाही. गारवा, आडोसा, पाटाचे पाणी, बाजूला वस्तीवरची कुत्री, शेळ्या, डुकरे. बिबट्याला आणखी काय हवे? वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले खोऱ्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसे राहतात अशा बागायती पट्ट्यात, जिथे जंगल नावालाही नाही, दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढीच तरसे निघाली. बिबट्यांच्या विष्ठेवरून आहार तपासला तेव्हा भक्ष्याच्या वजनातला ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि सर्वांत मोठा, ३९ टक्के, कुत्र्यांचा. म्हणजे बिबट्या जंगलातून ‘भरकटून’ उसात येत नाही. तो उसात जन्मतो. ऊसतोडीच्या हंगामात फडात पिल्ले सापडतात, वनखात्याची माणसे आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्य ती रात्री त्याच जागी ठेवतात, आणि बहुतेक वेळा आई येऊन घेऊन जाते.

हे कळण्याआधी शेजारच्या जुन्नरने त्याची किंमत मोजली होती. २००१ पासून तिथे शंभराहून जास्त बिबटे पकडले गेले आणि त्यांतले अनेक दूरच्या जंगलांत सोडले गेले. १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत. पकडून सोडण्याच्या काळात ते सतरावर गेले. अनोळखी रानात सोडलेला बिबट्या एकतर परतीची वाट धरतो किंवा तिथल्या वस्त्यांवर बिथरतो. २००९ साली पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या माग ठेवणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला, तर तो सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. ‘आजोबा’ या नावाने त्याच्यावर २०१४ साली चित्रपटही निघाला. जंगलाच्या गणनेत हा उसातला बिबट्या नीटसा येतच नाही. २०२२च्या राष्ट्रीय अंदाजात महाराष्ट्रातले बिबटे १,९८५, पण तो अंदाज मुख्यतः वनक्षेत्राचा आहे. ज्या प्राण्यावरून २०२५च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या मृत्यूंनंतर लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, त्याची भरवशाची मोजणी आपल्याकडे नाही. पिंजरे लावणे, नसबंदीचा प्रस्ताव आणणे, नुकसानभरपाई वाढवणे ही सगळी उत्तरे वनखात्याच्या चौकटीतली आहेत. अधिवास मात्र पाटबंधारे खाते आणि साखर कारखाना तयार करतात.

तो अधिवास आता आणखी पसरणार आहे. निळवंडे धरणाचा विचार १९७० सालचा, ८.३२ टीएमसीचे धरण झाले, पण कालवे रखडले. पन्नास वर्षे तळेगाव-निमोणकडच्या माणसांनी आंदोलने केली, आणि २६ ऑक्टोबर २०२३ रोजी डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले. ८५ किलोमीटरचा कालवा, सात तालुक्यांतली १८२ गावे, खर्च सुमारे ५,१७७ कोटी रुपये. या पाण्यावर त्या गावांचा हक्क आहे, त्याबद्दल दुमत असू नये. पण जिथे पाणी पोचेल तिथे पीक बदलेल, ऊस किंवा उंच चाऱ्याची पिके येतील, आणि दहा वर्षांत बिबट्या पोचेल. कालव्याच्या जाहीर चर्चेत हा मुद्दा मी तरी ऐकलेला नाही. पीकरचना, वस्तीभोवतीचे दिवे, बंदिस्त गोठे, ऊसतोड कामगारांच्या कोप्या फडाच्या कडेला न ठेवता एकत्र आणि उजेडात ठेवणे, हे सगळे लाभक्षेत्राच्या आराखड्यात आधीच बसवता येते. नंतर पिंजरे विकत घेण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

इथेच दोन रानांचे प्रश्न एकमेकांत अडकतात. शेतीच्या वीजवाहिन्यांना आळीपाळीने रात्रीची वीज मिळते, म्हणून शेतकरी अंधारात बॅटरी घेऊन उसात दारे धरायला जातो. बिबट्याच्या पट्ट्यातली सर्वांत रास्त मागणी दिवसा विजेची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये तीच मागणी पुरी करायला आली. उपकेंद्राजवळ सौरप्रकल्प, तिथली वीज थेट शेतीच्या वाहिनीवर, दिवसा. योजना उत्तम आहे. पण एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जागा लागते, आणि सरकारी जागा म्हणून पहिली नजर जाते ती गायरानावर. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख मिळतात, म्हणून ठरावही होतात. सौरप्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी लागत नाही, त्यामुळे त्या गायरानावर काय आहे हे विचारायला कुणी बांधील नाही. उसातल्या माणसाला बिबट्यापासून वाचवणारी वीज, माळावरच्या लांडग्याचे आणि मेंढपाळाचे रान कुंपणात घालून तयार होते. गायरानावर अतिक्रमणाचाही दाब आहेच. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे राज्यातल्या गायरानांवरच्या सुमारे २ लाख २२ हजार अतिक्रमणांची आकडेवारी आली होती. त्यामुळे ‘मोकळी पडून राहण्यापेक्षा सौर बरे’ असे म्हणणाऱ्याला गावात टाळ्या मिळतात. त्याला खोटे पाडण्यात अर्थ नाही. गोदामांची आणि शाळांची छपरे, कालव्यांचे काठ, कारखान्यांची आवारे, क्षारपड झालेली जमीन यांवर आधी जा, आणि गायरान शेवटी घ्या, एवढा क्रम तरी ठरवता येतो. अतिपाण्याने क्षारपड झालेली जमीन बागायती पट्ट्यांत कमी नाही.

असा क्रम प्रदेशासाठी एकदम ठरवावा लागतो, एकेका प्रकल्पासाठी नव्हे. याचे चांगले उदाहरण किनारी वाळवंटातलेच आहे. नामिबियाच्या नामिब वाळवंटात २००५ नंतर युरेनियमच्या खाणींची झुंबड उडाली. प्रत्येक कंपनी आपापला पर्यावरण अहवाल देत होती. पण साऱ्या खाणी मिळून पाणी किती उपसतील, रस्ते किती पडतील, स्वाकोपमुंडच्या पर्यटनाचे काय होईल, हे कुठल्याच एका अहवालात येत नव्हते. मग तिथल्या सरकारने मध्य नामिबचा एकत्रित धोरणात्मक अभ्यास करून घेतला आणि त्यावर देखरेखीचा आराखडा बांधला. नामिबिया काही स्वर्ग नाही. आता त्याच किनाऱ्यावरच्या राष्ट्रीय उद्यानात हरित हायड्रोजनचा मोठा प्रकल्प येऊ घातला आहे आणि वाद पेटला आहे. पण वाद घालायला समोर एक कागद लागतो, तो त्यांच्याकडे आहे.

आपल्याकडे असा कागद करण्याची तरतूद घटनेतच आहे. अनुच्छेद २४३ झेडडीप्रमाणे जिल्हा नियोजन समितीने जागेचे नियोजन, पाण्याची आणि नैसर्गिक संपत्तीची वाटणी आणि पर्यावरणरक्षण यांचा एकत्र विचार करून जिल्ह्याचा आराखडा करायचा आहे. महाराष्ट्राचा कायदा १९९८चा आहे. प्रत्यक्षात समितीच्या बैठकीची बातमी वाचावी तर निधी किती मंजूर झाला, किती खर्ची पडला आणि कोणत्या तालुक्यावर अन्याय झाला एवढेच असते. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आहे, घाटमाथ्यापासून दुष्काळी पठारापर्यंत सगळे त्याच्या पोटात आहे. एकत्रित आराखडा कुठे करून पाहायचा असेल तर इथेच.

दुसरा कागद गावाचा आहे. जैवविविधता कायदा २००२चा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि लोकांची जैवविविधता नोंदवही हवी. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२०ची मुदत घातली तेव्हा घाईघाईने वह्या तयार झाल्या. अनेक वह्यांत शेजारच्या गावाचीच यादी उतरवलेली असते. तरीही साधन नामी आहे, कारण गायरानावर पवन्या आहे की नाही, लांडगीण कुठल्या ओढ्यात विते, मेंढरे कोणत्या महिन्यात येतात, हे धनगराला आणि गुराख्याला ठाऊक असते, ते लिहिले जाऊ शकते. गाव ठरवते तेव्हा अवघड गोष्टही होते, हे सांगायला दूर जायला नको. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा ताळेबंद मांडून ऊस आणि शेतीच्या बोअरवर बंदी घातली, आणि ती पाळली. सगळ्या गावांनी हिवरे बाजार व्हावे असे नाही; ते होणारही नाही. पण आपल्या शिवारात काय राहील आणि काय येईल याचा हिशेब गावात मांडता येतो, एवढे तिथे सिद्ध झाले आहे.

तेव्हा संगमनेर, अकोले, पारनेरच्या वाचकांना एवढीच विनंती. तुमच्या ग्रामसभेपुढे गायरानाचा एखादा ठराव येईल, सौरचा, लागवडीचा किंवा भूखंडाचा. हात वर करण्याआधी गटाचा नकाशा आणि गावाची जैवविविधता नोंदवही टेबलावर मागा, आणि त्या रानात मेंढरे चारणाऱ्या माणसाला बैठकीला बोलवा. नोंदवही कोरी निघाली तर ठराव एक महिना पुढे ढकला. तेवढ्या काळात ती भरता येते.